नमुना उजवीकडे, कोरं डावीकडे

एक साधं सॉफ्टवेअर निवडायला मला तेवीस दिवस लागले. लग्नाला होकार द्यायला मला एवढा वेळ लागला नव्हता, आणि आमच्या ह्यांना ओळखणारं कुणीही सांगेल की वेळ तिथे घ्यायला हवा होता.

आमचं मशीन भरतकामाचं दुकान आहे. शाळेच्या गणवेशावरचे बिल्ले, डॉक्टरांच्या कोटावरची नावं, बेकरीवाल्याचे एप्रन, खेळाडूंच्या टोप्या, असं सगळं. दुकान माझं आणि माझ्या नणंदेचं. तिला सगळे टाचणी म्हणतात. बारीक आहे, ताठ आहे आणि टोचते. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिच्या वेण्या मी घातल्या, सुईत दोरा ओवायला तिला मी शिकवलं. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी ती मला कॉम्प्युटर शिकवते आणि शिकवताना म्हणते, "वहिनी, माउस आहे तो, इस्त्री नाही. एवढा दाबू नकोस."

तर ह्या टाचणीने एका सोमवारी, टोप्यांचा गठ्ठा बांधता बांधता, सांगून टाकलं की ती दुसऱ्या गावी स्वतःचं दुकान काढणार. गाव रेल्वेने सहा तासांवर. तिच्या मैत्रिणीने तिथलं दुकान बंद केलं होतं, जागा मोक्याची होती आणि मशीनसकट मिळत होती.

"इथे आपण दोघी एका मशीनपुढे कोपराला कोपर लावून बसतो," ती म्हणाली. "मला एकदा स्वतःचं काहीतरी करून बघायचंय, वहिनी."

त्यात चुकीचं काहीही नव्हतं. म्हणूनच मला भयंकर राग आला. चुकीचं असतं तर मी भांडले असते.

"जा की," मी म्हटलं. "मी कुठे धरून ठेवलंय?" आणि टोप्यांच्या गठ्ठ्याला अशी गाठ मारली की गिऱ्हाइकाला ती कात्रीने कापावी लागली.

पण जायला एक अडचण होती. आमचं मशीन ज्या कॉम्प्युटरवरून चालतं, त्यात चौदा वर्षांची डिझाइनं आहेत. नुसत्या डिझाइनच्या फाइली उचलून नेता आल्या असत्या तर पाच मिनिटांचं काम होतं. पण कुठल्या कापडावर दोरा किती ताणायचा, कुठल्या बिल्ल्यात कुठला निळा, टोपीच्या वळणावर टाके किती विरळ करायचे, हे सगळं त्या भरतकामाच्या प्रोग्राममध्ये आम्ही चौदा वर्षं कणाकणाने भरलेलं. तो प्रोग्राम बनवणारी कंपनी कधीच बंद पडली आणि त्याची सीडी दुकान रंगवताना हरवली. रंगवायचं खूळ ह्यांचं होतं, हे इथे नोंदवून ठेवते.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारे आमच्याच गल्लीत बसतात. त्यांना काहीही विचारलं की ते "बघू" म्हणतात, म्हणून ते बघूभाऊ. त्यांनी सांगितलं, आख्खी हार्ड डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवायची. क्लोन करायची. मग ती दुसरी डिस्क तशाच जातीच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये बसवायची. दोन्ही कॉम्प्युटर एकसारखे, एक इथे, एक तिथे.

"तेवढं झालं की मी निघाले," टाचणी म्हणाली. "पण सॉफ्टवेअर तू निवड, वहिनी. साधं बघ, तुला कळेल असं. उद्या इथे काही बिघडलं तर तुलाच करायचंय. मी नसेन."

ते 'मी नसेन' मी नीट ऐकलं. आणि त्याच्या मागोमाग, अर्धा कप चहा संपायच्या आत, दुसरी गोष्टही लक्षात आली. मी निवडेपर्यंत ती जाऊ शकत नव्हती.

इथे आमच्या धंद्यातला एक नियम सांगायला हवा. खऱ्या कापडावर पहिला टाका घालायचा नाही. आधी चिंधी लावायची. तसंच कापड, तोच दोरा, तेच डिझाइन, आणि चिंधीवर नीट उठलं तरच गिऱ्हाइकाचा कोट कापड ताणून धरणाऱ्या रिंगमध्ये अडकवायचा. हा नियम माझा, आणि टाचणीने त्याच्यासाठी लहानपणी माझ्या हातचा मारही खाल्लाय. त्यामुळे मी जेव्हा म्हटलं, "सॉफ्टवेअरसुद्धा आधी चिंधीवर चालवून बघणार," तेव्हा तिला हो म्हणावंच लागलं.

चिंधी म्हणून आम्ही दोन पेन ड्राइव्ह घेतले. एकात ह्यांनी काढलेले फोटो होते. हे बस चालवतात आणि थांब्यावर बस उभी असली की ढगांचे फोटो काढतात. आमच्याकडे सहाशे ढग आहेत. ते ढग एका पेन ड्राइव्हवरून दुसऱ्यावर जसेच्या तसे उतरले की सॉफ्टवेअर पास.

पहिलं सॉफ्टवेअर पहिल्या दिवशीच पास झालं. सहाशेच्या सहाशे ढग, एकही इकडचा तिकडे नाही.

"झालं!" टाचणी म्हणाली.

"कसलं झालं? चाळीस बटणं आहेत त्याला. मला क्लोन करायचंय, विमान नाही उडवायचं."

दुसरं आणलं. तेही चाललं. पण ते सुरू करताच ई-मेल पत्ता मागत होतं. मी म्हटलं, ओळख ना पाळख, उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आधी पत्ता विचारणारा मला चालायचा नाही. तिसऱ्याचा पडदा काळा, अक्षरं पांढरी आणि माउस चालेना. त्याने ढग उतरवले, पण तोंडातून हूं की चूं नाही. काम झालं की नाही हे सांगायची सुद्धा त्याला लाज. चौथ्याने सगळं नीट केलं, नीट सांगितलं, शेवटी बरोबरची खूण केली. त्याच्यात खोड काढायला मला रात्रभर विचार करावा लागला.

"रंग बघितलास त्याचा?" सकाळी मी म्हटलं. "पोपटी."

"वहिनी, तू काय त्याचा ब्लाउज शिवणारेस?"

"रोज डोळ्यांना मलाच बघायचंय ना?"

"रोज कशाला? वर्षातून एकदा!"

पण मी फाटे फोडत राहिले आणि ती, आश्चर्य म्हणजे, ऐकत राहिली. एरवी दोन मिनिटं सिग्नलला थांबायचं तरी जिच्या जिवावर येतं, ती टाचणी रोज दुपारी माझ्या शेजारी बसून ढगांची ने-आण बघायची. मला वाटायचं, काय चोख नाटक वठवतेय मी. हिला पत्ताही नाही.

ह्या तेवीस दिवसांत एक गोष्ट मात्र खरोखर झाली. मी शिकले. कुठली डिस्क भरलेली आणि कुठली कोरी, ते पट्टीच्या रंगावरून ओळखायला शिकले. निळी पट्टी म्हणजे भरलेली, पांढरी म्हणजे कोरी. कुठून कुठे चाललंय ते दाखवणारा बाण बघायला शिकले. 'पुढे जाऊ का?' असं विचारलं की आधी वरचं सगळं वाचायचं हे शिकले. माझं इंग्रजी म्हणजे एकेक अक्षर लावत जाणारं, पण म्हणूनच मी काही गाळत नाही. टाचणी भराभर वाचते, म्हणजे निम्मं वाचतच नाही.

दरम्यान आमचे हे एकदा जेवताना म्हणाले, "अगं, एवढ्या वेळात तर माणसाने ती डिझाइनं हाताने काढली असती."

"तुम्ही ढग काढा," मी म्हटलं. त्यांनी आमटी वाढून घेतली.

तेविसाव्या दिवशी टाचणीने स्वतःच पाचवं सॉफ्टवेअर आणलं. बघूभाऊंकडून पेन ड्राइव्हवर घेऊन आली. पेन ड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू केला की सरळ तेच उघडायचं. पडद्यावर दोन मोठे चौकोन, मध्ये एक बाण, खाली एक बटण. बस्स. चाळीस बटणं नाहीत, पत्ता नको, माउस चालतो, आणि रंग, मुद्दाम शोधला असणार तिने, माझ्या आवडीचा राखाडी.

नाव ठेवायला जागाच नव्हती.

"बरं आहे," मी म्हटलं. "उद्या चिंधीवर बघू."

"नाही." तिने मान हलवली. "चिंधी पुरे झाली आता, वहिनी. तेवीस दिवस चिंध्याच करतोय आपण. गाडीचं तिकीट काढलंय मी, रविवारचं. आज खऱ्यावर."

तिकिटाचं ऐकल्यावर आणखी फाटे फोडण्यात अर्थ नव्हता. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. कोपराला कोपर.

तिने नवी डिस्क वायरीने जोडली. पेन ड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर चौकोन आले, दोन्ही रिकामे, आणि खाली दोन डिस्कची चित्रं. एक एक चित्र उचलून आपल्या आपल्या चौकोनात ठेवायचं. टाचणीने जुनी डिस्क, आमची चौदा वर्षांची डिस्क, उचलली आणि उजव्या चौकोनात ठेवली. नवी ठेवली डाव्यात. हात कसा सराईत, एकदाही अडखळला नाही.

आणि मलाही ते बरोबरच वाटलं. वाटणारच. आमच्या दुकानात खिडकी उजवीकडे आहे. नकलेचं काम आलं की नमुना उजवीकडे टाचायचा, उजेडात, म्हणजे टाका न् टाका दिसतो, आणि कोरं कापड डावीकडे. नमुना उजवीकडे, कोरं डावीकडे. हे मीच तिला शिकवलं, ती दहा वर्षांची असताना. आमच्या दोघींचे हात झोपेतही नमुना उजवीकडेच ठेवतील.

पण तेवीस दिवसांच्या सवयीने माझे डोळे बाणाकडे गेले. बाण डावीकडून उजवीकडे होता. पांढऱ्या पट्टीकडून निळ्या पट्टीकडे. कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरणार होती. म्हणजे चौदा वर्षांची डिझाइनं, सगळे निळे, सगळे टाके, पुसून सफाचट.

पडद्यावर पाटी आली. टाचणीने ती वाचली नाही. तिने माउस बटणावर नेला.

आता खरं तेच सांगते, कारण खोटं सांगायचं तर लिहायचंच कशाला. मी गप्प राहिले. एक श्वासभर गप्प राहिले. त्या एका श्वासात मला सगळं स्वच्छ दिसलं. डिस्क पुसली जाईल. दोष कुणाचाच नाही, झालाच तर त्या सॉफ्टवेअरचा. टाचणीकडे न्यायला काही उरणार नाही. सगळं नव्या प्रोग्राममध्ये पुन्हा पहिल्यापासून बसवायला दोघी लागतील आणि वर्ष तरी लागेल. रविवारची गाडी तिच्याशिवाय निघून जाईल. आणि मला काहीही करायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं.

मग मी तिच्या हाताकडे बघितलं. तर्जनीच्या टोकाला सुईचा जुना डाग आहे. दहाव्या वर्षी मशीनची सुई आरपार गेली होती तेव्हाचा. मी तिला उचलून पळत दवाखान्यात नेलं होतं आणि ती रडायची सोडून मलाच म्हणत होती, "वहिनी, रडू नकोस ना."

"थांब!" मी एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या दुकानातले चष्मेवाले बाहेर आले.

तिचा हात जागच्या जागी थबकला. मी बोटाने बाण दाखवला. तिने बाण बघितला, पट्ट्या बघितल्या, आणि मग पाटी वाचली. ह्या खेपेला पूर्ण. उजवीकडच्या डिस्कवरचं सगळं कायमचं पुसलं जाईल, असं त्यात चक्क ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

टाचणीचा चेहरा पिठासारखा झाला. तिने माउस तापल्यासारखा सोडला.

"नमुना उजवीकडे," ती पुटपुटली.

"कोरं डावीकडे," मी म्हटलं.

आणि आम्ही दोघी हसत सुटलो. हसता हसता माझं रडणं कधी सुरू झालं ते मला कळलं नाही, तिला कळलं. "तू पहिल्या दिवशी थांबवलं असतंस तर मी थांबले असते," ती म्हणाली. मी म्हटलं, "म्हणूनच नाही थांबवलं." हे खरं नव्हतं. पण बोलून टाकल्यावर खरं झालं.

मग डिस्कांच्या जागा बदलल्या. मी चिंधी मागितली आणि तिने निमूट दिली. सहाशे ढग गेले आणि आले. त्यानंतर खऱ्या डिस्कवर, बाण तीनतीनदा बघून, बटण मी दाबलं. हो, मीच. ती म्हणाली, "दाब, इस्त्रीसारखा दाब." अडीच तास ती निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि आम्ही एप्रनांना नाड्या लावत होतो.

चार वाजता बघूभाऊ आले. त्यांनी नवी डिस्क जुन्या कॉम्प्युटरच्या जुळ्या भावात बसवली आणि बटण दाबलं. आमचाच पडदा उघडला. आमचीच डिझाइनं, आमचेच निळे. पडद्याच्या कडेला मी टाचणीसाठी चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्यासुद्धा आल्या होत्या, कॉम्प्युटरमधल्याच, तिनेच मला लिहायला शिकवलेल्या. 'टाचणी, चष्मा लाव.' 'टाचणी, डॉक्टरांचं नाव दोनदा वाच.' 'टाचणी, जेवलीस का?'

"ह्या पुसू का?" बघूभाऊंनी विचारलं.

"हात लावून बघा," टाचणी म्हणाली.

बघूभाऊ वायरी गुंडाळत म्हणाले, "बरं झालं, संपलं एकदाचं. मी तर पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, आणा इकडे, तासा-दोन तासांत करून देतो. पण ह्या ताई म्हणाल्या, नको, वहिनीला निवडू दे. जेवढे दिवस लागतील तेवढे लागू दे."

मी टाचणीकडे बघितलं. ती खाली वाकून एका एप्रनाची नाडी तपासत होती. ती नाडी अगदी व्यवस्थित होती.

म्हणजे नाटक एकटी मीच करत नव्हते.

"एक लक्षात ठेवा," बघूभाऊ दारातून म्हणाले. "डिस्कमधलं सगळं सारखं, पण घड्याळ डिस्कमध्ये नसतं. त्या मशीनचं घड्याळ तीन मिनिटं मागे आहे. जमलं तर लावून घ्या."

"बघू," टाचणी म्हणाली.

रविवारी ती गेली. ह्यांनी बसच्या सुट्टीत तिला स्टेशनवर पोचवलं आणि येताना एक ढग घेऊन आले. मी गेले नाही. मला डॉक्टरांचे अकरा कोट संपवायचे होते, असं मी सांगितलं. कोट चारच होते.

चार दिवसांनी तिचं दुकान सुरू झालं. त्या दिवशी मी नेहमीसारखी मशीनपुढे बसले होते. शेजारची खुर्ची मी दोऱ्यांच्या रिळांनी भरून टाकली होती, म्हणजे ती रिकामी दिसायला नको. काम चांगलं चाललं होतं. कोपराला भरपूर जागा होती. नको एवढी.

आमच्या कॉम्प्युटरवर रोज चार वाजता घंटा वाजते आणि पडद्यावर पाटी येते, 'वहिनी, ऊठ. चहा.' माझी पाठ धरते म्हणून डॉक्टरांनी अधूनमधून उठायला सांगितलंय, आणि मी उठत नाही म्हणून टाचणीने सहा वर्षांपूर्वी ती घंटा लावून ठेवली. घंटा वाजली की ती वर माझा कान धरायची. मोठ्या वहिनीचा, भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर.

चार वाजले. घंटा वाजली. 'वहिनी, ऊठ. चहा.'

मी उठले नाही. कान धरायला कुणी नव्हतं. हातात शाळेचा बिल्ला होता आणि त्यातला निळा दोरा मला नीट दिसत नव्हता. मी पाटीकडे बघत बसले. मला वाटलं, ती नव्या दुकानात आहे, पहिला दिवस आहे, गिऱ्हाइकं असतील, फुलं घेऊन मैत्रिणी आल्या असतील. तिला कशाला आठवेल? आठवू नयेच. स्वतःचं काहीतरी करायलाच तर गेलीय.

एक मिनिट गेलं. दोन गेली. मी पाटी बंद करायला माउस हातात घेतला.

फोन वाजला.

"वहिनी," टाचणी म्हणाली. तिच्या मागे तीच घंटा वाजत होती. "इथे आत्ता वाजले चार. ऊठ."

मी उठले.